माहेरच्या नावाची ठेव

नाशिकरोडला कोर्टाच्या रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणारी जी चार-पाच दुकानं आहेत, त्यातल्या एकात मी कामाला आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव वाढवणं, आधारवरचा पत्ता बदलणं, पासपोर्टचा अर्ज, असलं सगळं. खुर्ची मोडकी, पंखा आवाज करणारा आणि सर्व्हर बारा महिने डाऊन. त्या खुर्चीत बसून मी आजवर किती लोकांना परत पाठवलंय याची गणती नाही. 'आधारवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं, असं चालत नाही. ॲफिडेव्हिट करून आणा.' हे वाक्य मी मान वर न करता म्हणायची.

एकलहऱ्याहून एक बाई मुलाच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी तीनदा आली होती. मुलाचं पाळण्यातलं नाव शाळेत लागलेलं, आधारवर दुसरंच. तिसऱ्या खेपेला ती काउंटरला हात टेकून म्हणाली, "मॅडम, कागद दोन असतील, पोरगं तर एकच हाय ना."

मी म्हटलं, "पोरगं एक असून काय उपयोग? कॉम्प्युटरला पोरगं दिसत नाही, कागद दिसतो."

या उत्तराचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. जेवणाच्या सुट्टीत मी ते सगळ्यांना सांगितलं आणि सगळे हसले. आता तिची आठवण आली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

माझं माहेर बागलाणातलं, सटाण्याच्या पुढचं एक खेडं. वडील पोस्टमन होते. दहावीनंतर शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. आमच्याकडे लग्नाचे विधी आटोपले की नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि पेढे वाटायचे. माझं नवं नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. जोशांनी अक्षर काढून दिलं होतं आणि त्या अक्षराची दोनच नावं त्यांना आवडत होती, त्यातलं एक त्यांच्या म्हशीचं होतं. म्हणून दुसरं मला आलं.

ह्यांनी ते तांदळात नीट लिहिलं. अक्षर सुंदर होतं ह्यांचं. मंडळी पेढ्यांच्या मागे लागली तेव्हा ह्यांनी तळहाताने तांदूळ सारखे केले आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "हे त्यांच्यासाठी. मी तुला तुझ्याच नावानं हाक मारणार."

मला वाटलं, नव्याची नवलाई. दिवाळीपर्यंत टिकेल. ती चोवीस वर्षं टिकली. चारचौघांत मी 'अगं' होते, मुलगी झाल्यावर 'आई' झाले, पण दोघंच असलो की माझं जुनं नाव. माझे आईवडील लवकर गेले, भाऊ मला ताई म्हणतो. त्यामुळे जगात ते नाव तोंडात असलेला हा एकच माणूस उरला होता. मला त्याचं फार काही वाटायचं नाही. आपला श्वास चालू आहे याचं तरी आपल्याला रोज कुठे काय वाटतं.

हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे होते. बॉयलरचं काम तिथेच शिकले. मुलगी एक वर्षाची असताना एजंटामार्फत आखातात एका पॉवर प्लँटवर गेले. दोन वर्षं म्हणून गेले होते. मग आणखी दोन, मग आणखी दोन. वर्षाला एक महिना सुट्टी. अठरा वर्षांत आम्ही एकत्र राहिलो ते अठरा महिने, एवढा हिशेब मला न मांडताही पाठ आहे.

महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे आणि यायच्या आधीच त्यांच्या वाटा ठरलेल्या असायच्या. नणंदेचं लग्न. दिराचा पिंपळगावला द्राक्षं वाहणारा टेम्पो. सासऱ्यांचं ऑपरेशन. घराचा स्लॅब. यात कुणाचं वाईट होतं असं मी म्हणत नाही, घरोघरी मातीच्या चुली. पण एका सुट्टीत हे म्हणाले, "इकडं आलेला पैसा सगळ्यांचा होतो. मी तिकडंच एक ठेव करतोय. तुझ्यासाठी आणि पोरीसाठी. ती भरली की मी कायमचा येणार."

मी म्हटलं, "मग इथल्याच बँकेत करा ना."

"इथं काउंटरला माझ्या भावाचाच मित्र बसतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळंल." मग हसून म्हणाले, "तू काळजी करू नको. कागद कुणाच्या हाती लागला तरी कळणार नाही कुणाची ठेव हाय ते. असं कुलूप लावलंय."

त्याच सुट्टीत त्यांनी ट्रंकेतला माझा शाळा सोडल्याचा दाखला मागून घेतला, मूळ प्रत. मला वाटलं आमच्या व्हिसासाठी असेल. तिकडे एकदा आम्हाला फिरवून आणायचं त्यांच्या मनात होतं. कुठलं कुलूप, कसली किल्ली, हे मी विचारलं नाही. मी फक्त 'कायमचा येणार' एवढंच ऐकलं. जेलरोडला दोन खोल्यांचा का होईना, स्वतःचा फ्लॅट, गॅलरीत तुळस, संध्याकाळी सहाला घरी येणारा नवरा. लोकांना यात काय विशेष ते कळायचं नाही. मला मात्र त्यापुढे काही मागायचंच नव्हतं.

तिकडे शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी दुपारी दोनला आमचे मालक जेवायला जायचे आणि मी दुकानाच्या मागच्या बाजूला कागदांच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसायची. फोन वाजायचा. उचलला की पहिला शब्द माझं नाव. मग जरा थांबायचे. मग 'जेवलीस का'. बोलण्यासारखं काहीच नसायचं खरं तर. भेंडी काय भाव, पोरीचा पेपर कसा गेला, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल आणलं का. वीस मिनिटं व्हायची. मालक परत आले की मी पुढे येऊन लोकांना ॲफिडेव्हिट करायला पाठवायची.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात हे कामावरच गेले. हार्ट अटॅक. कंपनीचा फोन दिराला आला, मला नाही. पेटी यायला नऊ दिवस लागले. अग्नी मुलीने दिला.

तेराव्याआधीच एक शुक्रवार आला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, असं कसं जाते तू कामावर? लोकं काय म्हंतील?" मी गेले. दोन वाजता कागदांच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसले. अडीचला उठले. त्यानंतरच्या शुक्रवारीही तेच केलं. रडूसुद्धा येत नव्हतं, नुसती तिथे बसून यायची.

महिन्याभराने ह्यांची बॅग आली. दोन पँटी, कामावरचा चष्मा, मी दिलेल्या चिवड्याची अर्धी पिशवी, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेली. आणि एका डायरीत घडी घालून ठेवलेली ठेवीची पावती. मुलीने पावतीवरचा पत्ता बघून बँकेला मेल लिहिला, सोबत मृत्यूचा दाखला आणि माझा पासपोर्ट जोडला. ती तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, असली कामं तीच करते. कंपनीकडून आलेले पैसे तोवर घरात वाटले गेले होते. सासरच्या घरातून आम्ही दोघी भाड्याच्या खोलीत आलो होतो. तिच्या तिसऱ्या वर्षाची फी त्या पावतीत होती आणि आमचं पुढचं सगळं आयुष्यही.

उत्तर आलं त्या संध्याकाळी मी पोळ्या करत होते. मुलगी मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "काय म्हणतात?"

"ठेव आहे म्हणतात. पण बाबांनी फॉर्मवर दुसऱ्या एका बाईचं नाव लिहिलंय. तिलाच मिळेल." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आई, बाबांचं तिकडे कोणी होतं का?"

मी हात पुसले आणि मोबाईल घेतला. इंग्रजी अक्षरांत माझं नाव होतं. माझं, माझ्या वडिलांचं, माझं माहेरचं आडनाव. माझ्या पोटच्या पोरीला ते वाचून आपल्या बापाचा संशय आला होता, कारण आजोबा ती व्हायच्या आधीच गेलेले, आडनाव आमच्याकडे गावोगाव आहे, आणि एकोणीस वर्षांत मी माझं नाव तिला कधी सांगितलंच नव्हतं. मी आधी हसले. मग खाली बसले आणि ज्या रडण्याची सगळे तेरा दिवस वाट बघत होते ते रडणं तेव्हा आलं. तव्यावरची पोळी जळली. मुलगी मला धरून बसली आणि मी तिला तांदळाच्या ताटाची गोष्ट सांगितली.

ते कुलूप हे होतं. घरात कुणाला हे नाव आठवत नाही, म्हणून ह्यांनी तेच लावलं. वर पुरावा म्हणून माझा दाखला दिला. माझा नवरा बॉयलर अचूक चालवायचा पण ही एक साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही, की जे नाव कुणालाच आठवत नाही ते माझ्या आताच्या कुठल्या कागदावरही नसतं. आणि डोक्यात येणार तरी कसं? त्यांच्यासाठी मी तीच होते. त्यांना दुसरी बाई माहीतच नव्हती.

मी म्हटलं, यात काय अवघड आहे? लग्नाचा दाखला पाठवू, त्यावर लग्नाआधीचं नाव असतंच. आमच्या धंद्यातली गोष्ट. कपाटातून दाखला काढला आणि तिथेच थिजले.

आमचं लग्न आम्ही नोंदवलं होतं उशिरा, लग्नानंतर आठ वर्षांनी, माझ्या पासपोर्टसाठी, हे सुट्टीवर आले असताना. तेव्हा मी या धंद्यात नव्हते. कचेरीबाहेरच्या एजंटाने फॉर्म भरला होता. 'वधूचे विवाहापूर्वीचे नाव' या रकान्यात त्याने माझं सासरचं नाव लिहून पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव जोडलं होतं. म्हणजे अशी एक मुलगी, जी कधी जन्मलीच नाही. त्याने विचारलं होतं, "बरोबर ना ताई?" सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर जुनं नाव काढणं मला कसंतरी वाटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हटलं, असू द्या, कुणाला लागतंय ते. आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी दाखला बघितला आणि म्हणाल्या, "दुरुस्ती होते. दोघांनी समक्ष येऊन सही करायची."

मी म्हटलं, "ते वारले."

"मग अवघड आहे." त्यांनीही मान वर केली नाही. मला राग यायला हवा होता, पण आरशावर कोण रागावणार.

गॅझेटमध्ये नाव छापायला गेले तर तिथेही लग्नाचाच दाखला मागितला आणि तिथेही अडलं. वकील म्हणाले, कोर्टाकडून जाहीर करून घेऊ की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, पण वर्ष-दीड वर्ष धरून चला. तोवर जुन्या नावाचा पुरावा गोळा करा. म्हणून मी सटाण्याची बस धरली.

शाळा तीच होती, पत्रे नवे होते. कार्यालयात एक तरुण लिपिक होता. मी म्हटलं, दाखल्याची दुसरी प्रत हवी. त्याने जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, नाव सापडलं. मग माझं आधारकार्ड मागितलं. बघून म्हणाला, "ताई, नाव जुळत नाही. दुसरीचा दाखला मी तुम्हाला कसा देऊ?"

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. मीच तर शिकवलं होतं सगळ्या जगाला. तेवढ्यात पोरांची खिचडी शिजवणारी म्हातारी हंडा घेऊन दारातून चालली होती, ती थबकली. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि लिपिकाला म्हणाली, "आरे, हाई ते पोस्टमननी पोर शे. मी वळखस हिले." मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "काय माय, कव्हय उनी?"

कधी आलीस, एवढंच तिने विचारलं. माझं नाव तिलाही आठवत नव्हतं, मी पोस्टमनची पोर होते. पण तेवढं पुरलं. लिपिकाने तिची ओळख धरून दाखला लिहून दिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'घरकाम' असं होतं. परतीच्या बसमध्ये मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून बसले. मला वाटलं, हत्ती निघाला, आता शेपूट तेवढं राहिलं.

दाखल्याची प्रत आम्ही बँकेला पाठवली. बँकेने आभार मानले आणि कळवलं की हा दाखला त्यांच्याकडे आधीपासूनच आहे, तो त्या बाईंचा आहे, अर्जदाराचा नव्हे. अर्जदार पत्नी असल्या तरी ठेव द्यायची असेल तर त्या बाईंचं ना-हरकत पत्र आणि ओळखपत्र सादर करावं.

मुलगी डोक्याला हात लावून बसली. मी मात्र ते पत्र लिहिलं. मला माझी काही हरकत नाही, असं मी मला लिहून दिलं. खाली जुन्या नावाने सही करायला गेले तर हात अडला. दहावीच्या परीक्षेनंतर ती सही केलीच नव्हती. तीन कागद फुकट गेल्यावर जमली. पाठवलं. ओळखपत्राशिवाय सही ग्राह्य नाही, असं उत्तर आलं.

असं करत करत चौदा महिने गेले. नोटरी, मग मुंबई, मग वकिलात, मग भाषांतर, मग एखादा शिक्का पुसट म्हणून पुन्हा नोटरी. शेवटी मुलीने बँकेला चार ओळींचा मेल लिहिला, सगळी हकिकत, कळकळीने. म्हणाली, "आई, कोणीतरी माणूस असेल ना तिकडे."

माणूस होता. एका गुरुवारी दुपारी दोन-सव्वादोनला त्याचा फोन आला. मालक जेवायला गेले होते. तिकडचा नंबर बघून मी नकळत मागे जाऊन कागदांच्या गठ्ठ्यांवर बसले. नंतर कितीदा वाटलं, मी पुढेच उभी राहून बोलले असते तर बरं झालं असतं.

तो हिंदीत बोलत होता, आपल्याकडचाच कुणीतरी, आवाजाने मऊ. आधी सांगितलं की फोन रेकॉर्ड होतोय. माझं सासरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर विचारला. मी धडाधड उत्तरं दिली. मग तो म्हणाला, "मॅडम, आता त्या दुसऱ्या बाईंबद्दल." आणि त्याने माझं नाव घेतलं.

नुसतं पहिलं नाव. फोनमध्ये, पुरुषाच्या आवाजात, तिकडच्या त्या हलक्या खरखरीसकट. आणि मग जरा थांबला. कागद उलटत असेल बिचारा.

मला पुढचं काही ऐकू येईना. चौदा महिने मी कचेऱ्यांमध्ये ते नाव लिहीत होते, टाइप करत होते, त्याच्या झेरॉक्स काढत होते. पण कुणी हाक मारली नव्हती. मी वाट बघत राहिले की आता 'जेवलीस का' येईल.

"हॅलो? मॅडम, मी विचारतोय, त्या हयात आहेत का?"

मी रोज फॉर्म भरते. हयात या शब्दाच्या पुढे 'हो' नाहीतर 'नाही' असतं आणि त्या एका शब्दावर पुढचं सगळं अवलंबून असतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तरी माझ्या तोंडून गेलं, "नाही. ती गेली. त्यांच्याबरोबरच गेली."

तो म्हणाला, फार वाईट वाटलं ऐकून. आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी मेल आला. दूरध्वनीवर मिळालेल्या माहितीनुसार संबंधित बाई मृत असल्याची नोंद घेतली आहे. त्यांचा मृत्यूचा दाखला आणि त्यांच्या वारसांची कागदपत्रं पाठवावीत. तोवर फाइल बंद ठेवण्यात येत आहे.

मुलगी कॉलेजहून आली होती. तिने मेल दोनदा वाचला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तू असं का सांगितलंस?"

चुकून, असं म्हणायला हवं होतं. ते म्हणवेना. त्या रात्री ती जेवली नाही आणि मीही नाही. पुढच्या महिन्यापासून ती संध्याकाळी एका मेडिकलवर कामाला लागली. सातला जाते, साडेदहाला येते. पायात गोळे येतात, तेल लावून देते मी. माझ्या एका शब्दाने तिची फी गेली, हे मला रोज साडेदहाला आठवतं. त्या पावतीत ह्यांची अठरा वर्षं होती. तीही मीच घालवली, कुणा परक्याने नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

सासूबाईंच्या कानावर दिराकडून गेलं. त्या रिक्षा करून आल्या, गुडघे धरत जिना चढल्या. मला वाटलं, आता लपवलेल्या ठेवीवरून बोलतील. त्या कॉटवर टेकल्या आणि गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "काय नाव होतं गं तुझं?"

मी सांगितलं.

"चांगलं होतं की," त्या म्हणाल्या. "कशाला बदललं मी?" आणि पदराने डोळे पुसत बसल्या. मी त्यांच्यासाठी चहा केला.

वकिलांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. पण वाट आहे म्हणाले. आणखी एक प्रतिज्ञापत्र. त्यांनी मजकूर करून दिला: मी अमुक अमुक, पूर्वाश्रमीची अमुक अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की दूरध्वनीवर मी दिलेली माहिती नजरचुकीने दिली होती, सदर नावाची व्यक्ती मृत नसून हयात आहे, आणि ती मीच आहे.

तो कागद तीन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. रोज काढायची आणि परत ठेवायची. मुलीने एकदाही विचारलं नाही. इतके कागद केले या चौदा-पंधरा महिन्यांत, सगळ्यांवर डोळे झाकून सह्या केल्या, कारण त्यांत लिहिलेलं खरं होतं. यातलं नव्हतं.

मधे ती एकलहऱ्याची बाई दुकानात आली होती, धाकट्याच्या दाखल्यासाठी. या वेळी तिचे सगळे कागद जुळत होते. मी मान वर करून बघितलं तर ती घाबरली, पुन्हा काहीतरी चुकलं असेल म्हणून. मी तिला बसायला खुर्ची दिली. मागच्या वेळच्या बोलण्याची माफी मागावी असं मनात होतं, पण मागे रांग होती आणि मला ते जमलं नाही.

मुलीच्या फीची शेवटची मुदत आली तसा मी कागद खणातून काढला. बँक पैसे देईल की नाही, कधी देईल, वकीलही सांगू शकत नाहीत. पण पोरीला बापाने ठेवलेलं मिळायचं असेल तर ती बाई हयात असायला हवी. शुक्रवार होता. दोन वाजता मालक जेवायला गेले, मी मागे जाऊन बसले नाही. दुकानाला कुलूप लावून समोर नोटरीकडे गेले.

नोटरी म्हातारे आहेत, मला ओळखतात, माझीच माणसं त्यांच्याकडे जातात. त्यांनी चष्मा लावला, शिक्क्याचं पॅड उघडलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "मजकूर वाचलात ना? सगळं खरं आहे ना?"

मी हो म्हटलं आणि सही केली.